प्रक्षेपण हक्कांचे वाटप

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील लहान शहरांचे संघही श्रीमंत असतात, बेसबॉलमध्ये मात्र एवढी तफावत का?

उत्तर : अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलचे तत्कालीन आयुक्त पीट रोझेल यांनी सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्रितपणे सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीला विकले, तेव्हा न्यायालयाने तो करार मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कसोटीवर अमान्य ठरवला, परंतु १९६१ मध्येच अमेरिकन काँग्रेसने क्रीडा प्रक्षेपण कायदा करून अशा विक्रीला मुभा दिली. त्यामुळे सुमारे एक लाख वस्तीच्या ग्रीन बे शहरातील संघालाही राष्ट्रीय करारांतून न्यूयॉर्कच्या संघाइतकाच वाटा मिळतो, आणि स्पर्धेतील चुरस टिकवणारी ही व्यवस्था मला मनापासून न्याय्य वाटते. बेसबॉलमध्ये राष्ट्रीय करारांचे पैसे सारखेच वाटले जातात. मात्र बहुतेक सामन्यांचे स्थानिक हक्क संघ स्वतंत्रपणे विकत आल्याने मोठ्या शहरांचे पारडे जड राहते.