दोन महिन्यांच्या बाळाने पाच दिवस शी केली नाही, एरंडेल देऊ का?

नका देऊ. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर साधारण सहा आठवड्यांनंतर शीमधलं अंतर वाढतं. दिवसाला पाच-सहा दुपटी भरवणारं बाळ अचानक आठवडाभर गप्प बसतं, कारण आईचं दूध जवळजवळ पूर्ण पचतं. दिवस मोजण्यापेक्षा शी कशी होते ते बघा. पिवळी, मऊ, दाणेदार असेल तर बद्धकोष्ठ नाही. सुक्या खड्यांसारखी असेल तर आहे. लाल होऊन, कुंथून, रडून शेवटी मऊच शी होत असेल तर तेही चालतं. जोर कसा लावायचा हे बाळ अजून शिकतंय.

दिवसाला सहा-सात वेळा शू होते, वजन वाढतंय, पोट मऊ आहे? मग थांबा. गुटीत मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, आणि साबणाची कांडी आजीने कितीही सुचवली तरी नको.

मात्र पांढरट शी, शीत रक्त, हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट किंवा दूध न पिणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. महिन्याच्या आतल्या बाळाची शी कमी झाली तरी दाखवा. दूध पुरत नसेल.