आठ वर्षांच्या हुशार मुलीला घरी विज्ञानाचे कोणते प्रयोग द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, प्रयोगांचे तयार संच तासाभरात उरकते, व्हिडिओतले प्रयोग एकदा करून बाजूला ठेवते आणि "आता याहून अवघड दे" म्हणते.

माझं मत विचाराल तर अवघड प्रयोग शोधू नका. तयार संचात शेवटी काय होणार हे खोक्यावरच छापलेलं असतं, म्हणून तो तासात संपतो. अशा मुलांना हवा असतो तो असा प्रयोग, ज्यात एक गोष्ट बदलता येते, परिणाम मोजता येतो आणि आलेला आकडा मनातल्या अंदाजाशी जुळत नाही. तो न जुळणारा आकडाच त्यांना गुंतवून ठेवतो. सामान साधं असलं तरी चालतं. नियम मात्र एक पाळा: प्रयोगाआधी तिने अंदाज वहीत पेनाने लिहायचा आणि नंतर तो खोडायचा नाही.

सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी तिने केलाच असेल. आता तेच दोन पदार्थ मोजून घ्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५ टक्के तीव्रतेचं व्हिनेगर ५० मिली घाला. फुग्यात कागदाच्या नरसाळ्याने खाण्याचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवा आणि मग उचलून सोडा आत पडू द्या. ५ मिलीच्या मोजमापाच्या चमच्याने पाव, अर्धा, पाऊण, एक आणि सव्वा चमचा असे पाच वेळा करा, व्हिनेगर दर वेळी नवीन. फेस बसला की फुग्याचा सर्वांत मोठा घेर दोऱ्याने मोजा. पाऊण चमच्यापर्यंत फुगा मोठा होत जाईल आणि त्यानंतर जवळपास थांबेल. कारण ५० मिली व्हिनेगरमधलं आम्ल साडेतीन ग्रॅम सोड्यातच संपतं आणि सपाट भरलेल्या पूर्ण चमच्यात साडेचार-पाच ग्रॅम सोडा बसतो. उरलेला सोडा तळाशी नुसता पडून राहतो. हे तुम्ही सांगू नका. "थांबला का?" एवढंच विचारा आणि व्हिनेगर १०० मिली केलं तर कुठे थांबेल याचा अंदाज लिहून घ्या.

इथे गडबड होते ती फुग्यांमुळे. नवा फुगा कडक असतो, एकदा फुगवलेला सैल, त्यामुळे आकडे भरकटतात. सगळे फुगे एकाच आकाराचे घ्या आणि आधी तोंडाने दोन-तीनदा फुगवून, आतून सुकवून ठेवा. फुगा ओला असेल तर सोडा त्याच्या घड्यांना चिकटून राहतो.

दुसरं कोडं घेराचं. वायू अर्ध्या लिटरवरून एक लिटर झाला तरी घेर ३१ सेंमीवरून ३९ पर्यंतच जातो. दुप्पट का नाही? तिला लाकडी ठोकळे द्या आणि एका ठोकळ्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच घन बांधायला सांगा. आठ ठोकळे लागले की बाकीचं ती स्वतःच बोलेल.

यानंतर लंबक. दोरा आणि त्याला बांधलेली नटबोल्टाची नट, बस. जाऊन परत येणं म्हणजे एक झोका. एकच झोका मोजू नका, कारण स्टॉपवॉच दाबण्यातला उशीर त्यात मोठा ठरतो. दहा झोक्यांची वेळ घेऊन दहाने भागा. लांबी टांगलेल्या जागेपासून नटेच्या मध्यापर्यंत मोजायची आणि झोका लहानच द्यायचा, दोरा उभ्या रेषेपासून फार तर २० अंश. १ मीटरला दहा झोके सुमारे २० सेकंदांत होतात. मग विचारा, ५० सेंमीला किती? बहुतेक मुलं १० म्हणतात, येतात १४. दहा सेकंद आणायला दोरा २५ सेंमी करावा लागतो. वेळ निम्मी करायला लांबी चौथा हिस्सा, हे तिने आकड्यांच्या तक्त्यातून स्वतः काढलं तर त्याची मजा वेगळीच आहे.

यात एक सापळा आहे, तो मुद्दाम राहू द्या. वजनाने फरक पडतो का हे तपासताना मुलं एका नटेखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी बांधतात आणि "जड लंबक हळू चालतो" असं लिहितात. खरं तर वजनाचा मध्य खाली सरकलेला असतो, म्हणजे लांबीच वाढलेली असते. लगेच दुरुस्त करू नका. "या वेळी नेमक्या किती गोष्टी बदलल्या?" असं विचारा. मग सगळ्या नटा एकाच उंचीवर, एकत्र जुडी करून बांधल्या की फरक नाहीसा होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा असा हाताला लागलेला बरा.

आता मोटर, माझ्या मते या वयासाठी सगळ्यांत समृद्ध प्रयोग. साहित्य: टॉर्चचा जाड १.५ व्होल्टचा सेल, दोन मोठ्या धातूच्या सेफ्टी पिना, रुंद रबरबँड, दोन-तीन सेंमी व्यासाचं चकतीसारखं चुंबक, सुमारे अर्धा मिमी जाडीची इनॅमल (वीज अडवणारा पातळ लेप) चढवलेली तांब्याची तार ८० सेंमी आणि पॉलिश पेपर. जाड मार्करभोवती तारेचे १० वेढे घ्या. दोन्ही टोकं चार-पाच सेंमी बाकी ठेवून वेटोळ्याला एकदा-दोनदा गुंडाळा, म्हणजे ते सुटणार नाही. टोकं समोरासमोर आणि अगदी एका रेषेत हवीत. सेल आडवा ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना रबरबँडने पिना उभ्या बसवा, चुंबक सेलच्या वर ठेवा आणि वेटोळ्याची टोकं पिनांच्या भोकांत घाला.

सगळी गोम इनॅमल खरवडण्यात आहे. एक टोक चारही बाजूंनी लख्ख खरवडायचं. दुसरं मात्र अर्धंच, आणि त्या वेळी वेटोळं उभं धरून फक्त वरची बाजू खरवडायची. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं अर्धी फेरी पुढे जातं आणि पुढच्या अर्ध्यात उलटा जोर लागून मागे येतं, म्हणजे नुसतं थरथरतं. अर्ध्या फेरीत प्रवाह तोडला की ते मिळालेल्या वेगावर पुढे निघून जातं. वेटोळं आडवं ठेवून खरवडलं तरीही फिरत नाही, कारण मग जोर लागायला हवा तेव्हाच प्रवाह अर्धवट तुटतो. बहुतेक घरांत मोटर अडते ती इथेच.

काहीच हालचाल नसेल तर इनॅमल राहिलेलं आहे, पुन्हा घासा. फिरताना उड्या मारत असेल तर टोकं एका रेषेत नाहीत. चांगली चालून मंदावली तर ठिणग्यांनी काळे पडलेले भाग पुसून घ्या. सुरुवातीला बोटाने हलका धक्का द्यावाच लागतो.

काळजी इतकीच: या तारेचा रोध फार कमी असतो, त्यामुळे वेटोळं अडकून थांबलं तर सेल आणि तार तापतात. पंधरा-वीस सेकंदांत वेटोळं उचला. रिचार्जेबल सेल अजिबात वापरू नका, ते फार मोठा प्रवाह देतात. आणि घरात लहान भावंड असेल तर छोटी, ताकदवान चुंबकं आणूच नका. एकापेक्षा जास्त गिळली गेली तर आतड्याला इजा होते आणि ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

मोटर फिरली की खरा प्रयोग सुरू. चुंबक उलटं केलं तर? सेल उलटा केला तर? दोन्ही केले तर? तिन्ही अंदाज आधी लिहायचे. मग ५, १०, २० वेढ्यांची वेटोळी करून कुठलं जास्त वेगाने फिरतं ते पाहायचं. वेढे वाढले की जोर वाढतो, पण वजनही वाढतं. वेग मोजायला वेटोळ्याच्या एका बाजूला रंगीत कागदाचा कपटा चिकटवा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. सेकंदाला २४० चित्रांच्या चित्रणात एक फेरी १२ चित्रांत होत असेल, तर वेग सेकंदाला २० फेऱ्या. हा गुणाकार-भागाकार ती आनंदाने करेल.

तिला गाण्याची किंवा काही घडवण्याची आवड असेल तर स्ट्रॉची बासरी द्या. रुंद स्ट्रॉ १६, १४.२, १२.८, १२, १०.७, ९.६, ८.५ आणि ८ सेंमी असे कापा, खालची टोकं खेळण्यातल्या मातीने बंद करा आणि क्रमाने पट्टीला चिकटवा. वरच्या कडेवरून आडवी फुंकर मारली की सा रे ग म प ध नी सां ऐकू येतात. माती आत घुसली तर नळी आतून आखूड होते, म्हणून आतली खोली काडीने मोजा. नळी गप्प राहिली तर माती कुठेतरी गळते आहे. सगळं नीट करूनही वरचा सां थोडा उतरलेला लागेल. हवेचं कंपन उघड्या तोंडाच्या किंचित बाहेरपर्यंत पोचतं आणि तेवढीच वाढ आखूड नळीला जास्त जाणवते. एक-दोन मिमी कापून, ट्यूनर ॲपवर पाहत ती स्वतः सूर लावेल. मग विचारा, खालची माती काढली तर सूर चढेल की उतरेल? जवळजवळ पूर्ण सप्तक चढतो. त्यानंतर तिला स्वतःची धून रचू द्या आणि ती लिहिण्याची खुणांची पद्धतही तिचीच असू द्या. धून दुसऱ्या कुणाला नुसतं वाचून वाजवता आली पाहिजे, ही अट घाला.

उन्हाच्या दिवशी करण्याजोगा एक प्रयोग राहिला. पुठ्ठ्याच्या खिडकीवर ॲल्युमिनियमची फॉइल ताणून चिकटवा आणि तिला १ मिमीचं भोक पाडा. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, भोकातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. भोकापासून ३ मीटरवर पांढरा कागद धरला की त्यावर सुमारे २८ मिमीचा गोल पडतो. तो सूर्याचंच चित्र असतो. अंतराला गोलाच्या व्यासाने भागलं की १०७-१०८ येतं. सूर्याचं अंतर १५ कोटी किलोमीटर, त्याला १०८ ने भागलं की सूर्याचा व्यास मिळतो, जवळपास १४ लाख किलोमीटर. मग पाच मिमीचं त्रिकोणी भोक करून पाहा. कागद जवळ असताना उजेड त्रिकोणी दिसतो, लांब नेत गेलं की गोल होत जातो.

क्रम मी असा ठेवेन: आधी लंबक, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि मोजण्याची सवय लागते. मग फुगे, मग बासरी. मोटर शेवटी, सलग मोकळी दुपार असेल तेव्हा. त्या दिवशी मोटर चालली नाही तर तशीच टेबलावर राहू द्या. तुम्ही रात्री गुपचूप दुरुस्त करून ठेवू नका. तिला उगीच कापलेली तार, वाकलेल्या पिना, चुकीचं खरवडलेलं टोक दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहता आलं पाहिजे, म्हणून तार सुरुवातीलाच चार वेटोळ्यांना पुरेल एवढी आणा.