भिंतीवर राहिलेला खिळा

प्रिय,

पत्र मिळालं, फोटोही. तुझ्या प्रदर्शनातून ब्लाउजचं चित्र वगळू का, घरचे बघायला येणार आहेत, असं विचारलं आहेस. आधी माझं ऐक.

माझं पहिलं प्रदर्शन काळा घोड्याजवळ एका छोट्या गॅलरीत होतं. एका चित्रात दोरीवर वाळणाऱ्या आईच्या घड्या होत्या. जुनी नऊवारी फाडून पाळीसाठी केलेल्या, आणि कुणाला दिसू नयेत म्हणून वर टॉवेल टाकलेला. हँगिंगच्या, म्हणजे चित्रं भिंतीवर लावायच्या रात्री गॅलरीवाले म्हणाले, "ताई, हे नको, फॅमिली येतात." मी मुकाट्याने उतरवलं. खिळा तसाच राहिला. सात दिवस त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. एका बाईंनी विचारलं, "इथलं विकलं गेलं का?" मी हो म्हणाले. ते खोटं मला अजून टोचतं.

1954 साली जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींना पोलिसांनी चित्र उतरवायला सांगितलं होतं. ते नाही म्हणाले, खटला लढले आणि सुटले. हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे तर पोलीसही आले नव्हते गं!

तेव्हा ब्लाउज लाव. फक्त मधल्या भिंतीवर एकटं नको, मग लोक तेवढंच बघतात. इतर चित्रांच्या ओळीत, त्याच उंचीवर लाव. सासूबाईंना मात्र आधी घरी दाखव. रागावल्या तर घरात रागावतील, आणि कदाचित स्वतःचं काही सांगतीलही.

चित्रांसोबतच्या निवेदनातले 'स्त्रीत्व', 'सृजन' हे शब्द काढ. बाळंतपणानंतर कामावर जायला लागलीस आणि विरार लोकलमध्ये तो ब्लाउज दुधाने भिजला, पदर ओढून दादरपर्यंत उभी राहिलीस, हे तू मला फोनवर सांगितलंस. तेच लिही.

कागदावरचं काम म्हणून किंमत पाडू नकोस. नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या चौघी चित्रकार 1987 ते 1989 मध्ये एकत्र प्रदर्शन घेऊन वेगवेगळ्या शहरांत फिरल्या, त्यात बरंचसं काम जलरंगातलंच होतं. किंमत विचारली की आपला आवाज खाली जातो. आकडा छापूनच ठेव.

हँगिंगला मी येते. माळ्यावरून आईच्या घड्यांचं चित्र काढलंय, कोपऱ्याला वाळवी लागली आहे. जागा उरली तर तुझ्या ओळीच्या शेवटी लावशील?

तुझी,
ताई