आरसा जुना, कॅमेराही जुना. मग पेटंट कशाचं?

प्रश्न : संत्र्यांच्या प्रतवारीचं यंत्र बनवलंय. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तिरपे आरसे लावले, त्यामुळे वरच्या एकाच कॅमेऱ्याला फळाच्या तीन बाजू दिसतात. दोन कॅमेऱ्यांचे पैसे वाचतात. पेटंट मिळेल का? (हिंगणा, नागपूर)

उत्तर : एवढ्यावर कठीणच. आडबाजूचं आरशात दिसतं, हे पेरिस्कोपवाल्यांनाही ठाऊक होतं. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक आपलं जुनंच काम करत राहिली, तर पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) तो शोध मानत नाही. पैसे वाचतात म्हणता, तर कलम २(१)(जेए) मध्ये, म्हणजे शोधात नवी कल्पकता कधी मानायची हे सांगणाऱ्या व्याख्येत, ‘आर्थिक महत्त्व’ आहे खरं. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे : त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचणारं नसावं. लोक अर्धं वाक्य वाचून खूश होतात.

तुमच्या पत्रातला खरा ऐवज शेवटच्या दोन ओळींत आहे (त्या वर छापलेल्या नाहीत). आरशात डाग दुहेरी दिसत होते, म्हणून समोरून मुलामा दिलेला आरसा लावलात. ते ऑप्टिक्सवाल्याला लगेच सुचेल. (घरच्या आरशावर पेन्सिलीचं टोक टेकवा. मध्ये फट दिसते, कारण मुलामा काचेमागे असतो.) मग आरशातली बाजू धूसर का, तर तिथून येणारा प्रकाश लांबच्या वाटेने येतो आणि कॅमेऱ्याचा फोकस तिथे बसत नाही. त्या वाटेत तुम्ही काचेचा ठोकळा ठेवलात. १.५ अपवर्तनांकाची (काच प्रकाश किती वाकवते, त्याचं माप) ३० मिमी काच वस्तू सुमारे १० मिमी जवळ असल्यासारखी दाखवते. नियम पाठ्यपुस्तकातला, मान्य. पण जाणकाराला हे जमलं असतं का, एवढंच पाहून भागत नाही. प्रतवारीच्या यंत्रात त्याने ते केलं असतं का, तिकडे नेणारं आधीचं काही आहे का, हे पाहावं लागतं. अर्जातला दावा (कशावर हक्क मागता ते) ठोकळ्यावर बांधा, आरशांवर नको.

प्रश्न : माझं यंत्र पाहून वकील मित्र म्हणतो, “हे तर कोणालाही सुचेल!” (धरमपेठ)

उत्तर : उत्तर कळल्यावर कोडं सोपंच. पारख अर्जाच्या तारखेआधीच्या ज्ञानावर होते. भांडी लेथवर पकडण्याच्या पद्धतीचं पेटंट सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही, त्या १९७८च्या बिश्वनाथ प्रसाद निकालातली कसोटी मित्राला वाचायला द्या : जुने भाग परस्परांशी जुळून नवा किंवा सुधारित परिणाम देतात की नुसते जमा झालेत?

प्रश्न : माझं यंत्र गेल्या वर्षी कृषी प्रदर्शनात मांडलं होतं. अडचण येईल? (महाल)

उत्तर : येईल, आणि ती आधीची : नावीन्याची. अर्जाआधी लोकांसमोर आलेली गोष्ट नवी धरत नाहीत. केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन असेल, तरच अर्ज करायला १२ महिन्यांची सवलत. अधिसूचना शोधा, आजच.