वाचकांचे प्रश्न : मागच्या अंगणासाठी दिवे निवडताना

प्रश्न : सहकारनगरमध्ये आमचे जुने बैठे घर आहे. मागील दारी तीन पायऱ्या उतरल्यावर सुमारे २० फूट लांब आणि १२ फूट रुंद असे शहाबादी फरशीचे अंगण लागते. त्याच्या एका कडेला आंबा आणि दुसऱ्या कडेला तुळशीवृंदावन आहे. संध्याकाळी सासूबाई व मी तेथे बसतो आणि रविवारी रात्रीचे जेवणही तेथेच होते. दाराच्या वर भिंतीला ५० वॅटचा फ्लडलाइट लावलेला आहे. त्याचा उजेड शेजारच्या काकूंच्या झोपण्याच्या खोलीत जातो, आणि पायऱ्या उतरताना मात्र आपलीच सावली पायांपुढे पडते. गेल्या पावसाळ्यात त्यात पाणी शिरल्याने घरातील आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असे. नवे दिवे कोणते आणि किती घ्यावेत?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : आपण सावलीविषयी लिहिले आहे, त्यातच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. दिवा पाठीमागे आणि उंचावर असला की उतरणाऱ्या माणसाची सावली नेमकी पुढच्या पायरीवर पडणार, मग तो दिवा ५० वॅटचा असो किंवा १०० वॅटचा. शिवाय असा प्रखर दिवा नजरेसमोर आला की डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते आणि आंब्याखालचा भाग आहे त्याहून अधिक काळोखा भासतो. वयोमानाने डोळ्यांना हा फरक लवकर झेपत नाही, त्यामुळे सासूबाईंना त्याचा त्रास आपल्याहून अधिक होत असणार. म्हणून फ्लडलाइट बदलून दुसरा फ्लडलाइट घेऊ नये. एका मोठ्या दिव्याऐवजी चार-सहा लहान दिवे, शक्यतो खालच्या पातळीवर आणि तोंड जमिनीकडे असलेले, असे घ्यावेत.

सुरुवात पायऱ्यांपासून करावी. प्रत्येक पायरीच्या बाजूच्या भिंतीत, पायरीपासून वीतभर उंचीवर, दोन वॅटचा स्टेपलाइट बसवला की पायरीची कड स्पष्ट दिसते आणि उजेड कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. जेवणाच्या जागेसाठी पाच वॅटचे दोन भिंतीवरचे दिवे पुरेत. ते वरून झाकलेले आणि फक्त खाली उजेड टाकणारे असावेत, म्हणजे काकूंच्या खिडकीचा प्रश्नही सुटेल. आंब्याच्या बुंध्याशी पाच वॅटचा एक स्पॉटलाइट जमिनीत रोवावा, मात्र त्याचा रोख घराच्या बाजूने बुंध्याकडे असावा आणि तो पाहुणे आले असतानाच लावावा. झाडालाही रात्र हवी असते, असे मला मनापासून वाटते. वृंदावनापाशी विजेचा दिवा लावू नये, अशी माझी विनंती आहे; तेथील सांजवातीचा उजेड दिसावा, इतपत काळोख तेथे राहू द्यावा.

हे सर्व दिवे मिळून २१ वॅट होतात. रोज चार तास लावले तरी महिन्याला अडीच युनिटच्या आसपास वीज लागेल. तोच ५० वॅटचा फ्लडलाइट रात्रभर, म्हणजे दहा तास, जळत राहिला तर महिन्याला १५ युनिट होतात.

उजेडाचा रंग खोक्यावर केल्विनमध्ये छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा, दुकानदार ज्याला वॉर्म व्हाइट म्हणतात तो पिवळसर उजेड घ्यावा. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र उजेड दुकानात लख्ख वाटतो, पण अंगणात डोळ्यांना टोचतो. त्यात निळ्या प्रकाशाचा अंश अधिक असल्याने किडेही त्याच्याकडे अधिक येतात. तरीही जूनमधील पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे कोणत्याही दिव्यावर येतात, आणि तेवढा तासभर दिवे बंद ठेवणे हाच उपाय असतो.

आता पाण्याविषयी. फिटिंगवर आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. पागोळीच्या आत, भिंतीला लागून असलेल्या दिव्याला आयपी ४४ चालते. उघड्यावरच्या दिव्यांना आयपी ६५ हवे, आणि जेथे पाणी साचते तेथे जमिनीतील दिवा आयपी ६७ चा घ्यावा. परंतु माझ्या अनुभवात दिवा स्वतः क्वचितच दगा देतो. दगा देतो तो जोड. अशीच एक बंद पडलेली फिटिंग मी उघडून पाहिली होती. काच आणि रबर शाबूत होते, आत मात्र काळ्या टेपने गुंडाळलेला जोड ओला होता आणि तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढला होता. वायर वरून थेट फिटिंगमध्ये उतरत होती आणि पाणी तिच्याच अंगाने ओघळत आत गेले होते. म्हणून वायरमनला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : वायर फिटिंगच्या खाली झोल घेऊन मग वर चढवावी, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाशी गळून पडेल, आणि प्रत्येक जोड ग्लँड (वायरभोवती घट्ट बसून पाणी अडवणारे बूच) लावलेल्या बंद डबीतच करावा, टेपवर भागवू नये.

मातीखालून जाणारी केबल आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, घ्यावी आणि दीड फूट खोल पुरावी, कारण पुण्याच्या जुन्या बागांत घुशींचा उपद्रव असतो आणि वरवर पुरलेली वायर त्या कुरतडतात. अंगणाच्या दिव्यांसाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी बसवावा. अंगणात गळती झाली तरी घरातील वीज जाणार नाही. मात्र तो पडू लागला, तर पुन:पुन्हा वर न करता आधी दोष शोधावा. अर्थिंगही याच वेळी तपासून घ्यावे.

खरेदीसाठी तपकीर गल्लीत जाण्यापूर्वी एक रात्र प्रयोगाला द्यावी. सासूबाईंना नेहमीच्या खुर्चीवर बसवून, आपण ठरवलेल्या एकेका जागी टॉर्च धरून पाहावा आणि डोळ्यांवर येतो का, हे त्यांनाच विचारावे. जागा अशा रीतीने ठरल्या की फिटिंगचा आकार ही केवळ आवडीची बाब राहते.

प्रश्न : वायर टाकण्याचा खर्च टाळण्यासाठी सौर दिवे चालतील का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : पाऊलवाटेच्या कडेला, दिवसभर ऊन येणाऱ्या जागी अवश्य चालतील. झाडाखाली किंवा इमारतीच्या सावलीत त्यांची बॅटरी पुरती भरत नाही, आणि जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत ते संध्याकाळी तास-दोन तासांतच मंद होतात. म्हणून पायऱ्यांसारख्या, पाय घसरण्याचा धोका असलेल्या जागेची भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. घेताना बॅटरी बदलता येते का, हे दुकानातच उघडून पाहावे, आणि पॅनेलवरची धूळ महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी.