अनुभव प्रमाणपत्रावरून अपात्र? मीही त्यातूनच गेलोय (जरा लांबलंय, सांभाळून घ्या)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका), खासगी रुग्णालयात चार वर्षं, तीन जिल्ह्यांत कंत्राटी औषधनिर्माता पदासाठी अर्ज, आणि तिन्ही याद्यांत एकच शेरा: 'अनुभव प्रमाणपत्र सुस्पष्ट नाही'. वर तुमचा प्रश्न की बायोडेटा कसा सुधारू, कुणी चांगला नमुना देईल का.

बायोडेटाचं नंतर बघू. तुमचं दुखणं तिथे नाहीच.

२०१९ मध्ये मीही असाच अपात्र ठरलो होतो. म्हणजे अपात्र नाही म्हणायचं, पात्र पण अनुभव शून्य. जिल्हा सांगत नाही. आमच्या जाहिरातीत गुणांकन असं होतं: पदविकेच्या टक्केवारीचे निम्मे गुण, म्हणजे ५० पैकी; जादा शिक्षणाला २०; अनुभवाला ३०, पूर्ण झालेल्या दर वर्षाला ६ प्रमाणे. मला पदविकेला ६८.४० टक्के, म्हणजे ३४.२० झाले. जादा शिक्षण नाही. अनुभव चार वर्षं तीन महिने, त्याचे २४. बेरीज ५८.२०. शेवटचा उमेदवार लागला तो ५१.६० वर. आणि यादीत माझ्या नावापुढे ३४.२०! पीडीएफ मोबाइलवर मोठी करून करून बघत होतो, वाटलं रकाना चुकून दुसऱ्याचा वाचतोय.

माझं प्रमाणपत्र काय होतं ते ऐका. मला अजून पाठ आहे. 'सदर इसम आमच्याकडे गेली चार वर्षे मेडिकलचे काम समाधानकारकरीत्या पाहत असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' खाली एक सही, गोल शिक्का. झालं. रुजू तारीख नाही, पदनाम नाही, पूर्णवेळ की अर्धवेळ नाही, जावक क्रमांक नाही, सही कुणाची ते नाही, आणि कहर म्हणजे प्रमाणपत्र दिल्याची तारीखच नाही. 'गेली चार वर्षे' म्हणजे कधीपासून कधीपर्यंतची? छाननी करणाऱ्या माणसाने काय मोजायचं? मी मात्र ते मिळालं त्या दिवशी खूश होतो. शुभेच्छा दिल्या म्हणून!

हरकतीला तीन दिवस होते. यादी लागली शुक्रवारी संध्याकाळी, हरकत सोमवारी पाच वाजेपर्यंत. शनिवारी सकाळी जुन्या रुग्णालयात गेलो. मोठे डॉक्टर परगावी. मॅनेजर म्हणाले, 'आमच्याकडे असला फॉरमॅट नसतो, पाहिजे तर आणखी एक शिक्का मारून देतो.' रविवार गेला. सोमवारी दुपारी दीडला नवीन कागद हातात पडला, एसटीने सव्वातीनला जिल्ह्याला पोचलो. टेबलावरच्या बाईंनी कागद हातातही घेतला नाही. लाकडी फुटपट्टी जाहिरातीतल्या एका ओळीवर ठेवली आणि ती माझ्याकडे वळवली: अर्जासोबत जोडलेलीच कागदपत्रे ग्राह्य धरली जातील, नंतर सादर केलेल्या कागदपत्रांचा विचार केला जाणार नाही. ती ओळ मी अर्ज भरतानाही वाचली होती. वाचली म्हणजे डोळ्यांखालून गेली होती.

त्या बाईंवर माझा राग नाही. नियमाने त्या बरोबर होत्या. राग आहे तो जुन्या रुग्णालयावर. कारण मी अर्जाच्या आधी महिनाभर त्यांच्याकडे नीट प्रमाणपत्र मागत होतो, आणि 'उद्या या' चाललं होतं. का, ते मला फार उशिरा कळलं. त्यांच्या मेडिकलच्या परवान्यावर रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून माझं नाव होतं. मी गेलो तर दुसरा माणूस आणून परवान्यावर नाव बदलावं लागणार. तोवर मला अडकवून ठेवणं त्यांच्या सोयीचं होतं. पुढे रीतसर कार्यमुक्त व्हायलाच सात आठवडे घालवले त्यांनी. जाऊ दे, तो विषय काढला की मी भरकटतो. पण तुमचं नावही परवान्यावर असेल तर 'उद्या या'चा अर्थ वेळीच ओळखा. मागणी तोंडी करू नका. साध्या कागदावर अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

प्रमाणपत्रात काय असावं, ते माझ्या मते (मी आस्थापना शाखेतला नाही, तुमच्या जाहिरातीत जो नमुना दिला असेल तोच अंतिम): लेटरहेड, त्यावर रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक. जावक क्रमांक आणि दिनांक. तुमचं नाव दहावीच्या सनदेवर आहे तसं. लग्नानंतर बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला तयार ठेवा. पदनाम 'औषधनिर्माता', 'मेडिकल इन्चार्ज' नको, 'स्टाफ' तर नकोच. दिनांक अमुक ते दिनांक अमुक, पूर्णवेळ, मासिक वेतन. काम चालू असेल तर 'आजतागायत' लिहून वर प्रमाणपत्राची तारीख हवीच. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का. आणि ती तारीख अर्जाच्या अंतिम दिनांकाच्या आधीची.

तुमच्या पोस्टमध्ये आणखी एक गोष्ट खटकली. नोकरी जूनमध्ये धरली आणि फार्मसी कौन्सिलची (औषधनिर्मात्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी पुढच्या फेब्रुवारीत, असं लिहिलंय. बऱ्याच जाहिरातींत नोंदणीनंतरचाच अनुभव धरतात. म्हणजे तुमची चार वर्षं त्यांच्या हिशोबात साडेतीनच्याही आत येतील, पूर्ण वर्षं तीन, गुण १८. हे आधीच धरून चाला, म्हणजे यादी बघताना धक्का बसत नाही.

जोडीला पुरावा ठेवा: नेमणूक पत्र, पीएफचं पासबुक, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. परवान्यावर तुमचं नाव कधी चढलं त्याची नोंद अन्न व औषध प्रशासनाकडे असते, ती मिळाली तर फारच उत्तम.

आणि हे कुणाला झोंबलं तरी लिहितो. आपल्यातले बरेच जण फार्मासिस्टच्या नोंदणीचं सर्टिफिकेट एका दुकानाला भाड्याने देतात आणि नोकरी दुसरीकडे करतात. परवान्यावर नाव तालुक्याच्या दुकानात, अनुभव प्रमाणपत्र शहरातल्या रुग्णालयाचं, काळ तोच. पडताळणीत हे उघडं पडलं तर नोकरी राहिली बाजूला, कौन्सिलची नोंदणी धोक्यात येते. ओळखीच्या दुकानदाराकडून दोन वर्षं 'वाढवून' घेण्याचा सल्ला तुम्हाला खाली कुणीतरी देईलच. घेऊ नका.

आता बायोडेटा. तो लागतो थेट मुलाखतीला. मुंबईत टाटा मेमोरिअल सेंटरसारख्या ठिकाणी कंत्राटी पदांच्या थेट मुलाखती होतात, तिथे बायोडेटा आणि मूळ कागदपत्रं घेऊन बोलावतात. दोन पानं बस. नाव-पत्त्याखाली लगेच कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि वैधता, कारण समोरचा आधी तेच शोधतो. मग अनुभव, अलीकडचा आधी. 'आव्हानात्मक वातावरणात प्रगती साधण्याची इच्छा' असलं ध्येयवाक्य काढून टाका. त्याऐवजी काय केलं ते लिहा: रोज अंदाजे किती चिठ्ठ्या हाताळल्या, लसी-इन्सुलिनच्या फ्रिजची तापमान नोंद ठेवली का, नार्कोटिक्सचं रजिस्टर कोण लिहायचं, मुदत संपत आलेला माल कसा परत केला. सरकारी दवाखान्यात काम केलं असेल तर ई-औषधी (औषधसाठ्याची सरकारी संगणक प्रणाली) येतं हे आवर्जून लिहा. तारखा प्रमाणपत्रातल्या तारखांशी दिवसानिशी जुळवा. मी पूर्वी 'जून २०१५' लिहायचो आणि प्रमाणपत्रात १ जुलै. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला. ज्या ओळीमागे कागद नाही ती ओळ खोडा.

जाहिराती शोधायच्या तर जिल्हा परिषद आणि जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः बघा, सोमवार-गुरुवार असा नेम ठेवा. टेलिग्रामवरच्या पोस्टमध्ये जाहिरात असते, शुद्धिपत्रक नसतं, आणि अंतिम तारीख, पदसंख्या नेमकी त्यातच बदललेली असते. पीडीएफ लगेच उतरवून ठेवा, नंतर सापडत नाही.

आणि खरं सांगू का, अनुभवाच्या गुणांवर अवलंबून राहूच नका. परीक्षेची भरती बघा. २०२३ ची जिल्हा परिषद भरती १९,४६० पदांची होती, त्यात औषध निर्माण अधिकारीही होते. १०० प्रश्न, २०० गुण, त्यातले ४० प्रश्न आपल्या विषयाचे. मी शेवटी त्यातूनच लागलो, हे प्रमाणपत्र कुणी विचारलंही नाही. रेल्वेच्या २०२४ च्या पॅरामेडिकल भरतीत १,३७६ पदांपैकी २४६ फार्मासिस्टची होती, तिथे तर १०० पैकी ७० प्रश्न विषयाचे. फक्त तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात. कंत्राटी अर्ज बंद करा असं म्हणत नाही, घर चालवायचं असतं. पण ११ महिन्यांच्या ऑर्डरसाठी वर्षभर रांगा लावण्यात अभ्यास बुडतो, हे माझं झालंय.

प्रमाणपत्राचा मजकूर नावं झाकून इथे टाका, बघून सांगतो. आधार नंबर दिसू देऊ नका, मागे एकाने पुढची-मागची दोन्ही बाजू टाकली होती.