रिपोर्टात ‘स्मॉल सेल’, पण केआय-६७ फक्त ५ टक्के

प्रश्न : माझी बहीण ३४ वर्षांची, तंबाखूचा कधीच संबंध नाही. दोन वर्षं दमा समजून पंप चालू होता. महिन्यापूर्वी खोकल्यातून रक्त पडलं. सीटीत डाव्या मुख्य श्वासनळीत २ सेंमीची गाठ दिसली. बायोप्सीत ‘स्मॉल सेल कॅन्सर असावा, केआय-६७ ५ टक्के’ असं आलंय. लगेच केमो सुरू करायला सांगितलंय. दुसरं मत घ्यावं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घ्या, आणि आजच हालचाल करा. हा रिपोर्ट स्वतःशीच जुळत नाही. केआय-६७ म्हणजे वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण. स्मॉल सेल हा फुप्फुसाचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर, त्यात ते बहुधा ५० टक्क्यांच्या वर असतं. ५ टक्के आणि दोन वर्षांची घरघर पाहता कार्सिनॉइडची, म्हणजे हळू वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीची, शंका घ्यायलाच हवी. फुप्फुसांच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण जेमतेम १-२ टक्के, म्हणून तो पटकन आठवत नाही.

घोळ होतो चिमट्यामुळे. दुर्बिणीतून काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा. तो चिमटला गेला की पेशींची केंद्रकं ओढली जाऊन गडद निळे दोरे दिसतात, आणि स्मॉल सेलमध्येही असंच दिसतं. न चुरगळलेल्या भागात विभाजनं मोजावी लागतात : २ चौरस मिलिमीटरमध्ये २ पेक्षा कमी आणि मृत पेशी नाहीत, तर टिपिकल (सौम्य) कार्सिनॉइड, २ ते १० किंवा मृत पेशींचे ठिपके, तर अटिपिकल (जरा आक्रमक). पक्का निर्णय शस्त्रक्रियेनंतरच्या पूर्ण गाठीवर होतो.

लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा), सगळ्या स्लाइड्स, मूळ रिपोर्ट आणि सीटीची सीडी मागून घ्या. बहिणीला दगदग नको. महालक्ष्मी एक्स्प्रेसने घरचं कुणीतरी परळच्या टाटा मेमोरियलला घेऊन जाऊ शकतं. ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. केमोच्या डॉक्टरांना हे आधी सांगा. खरंच स्मॉल सेल निघाला तर एक आठवडाही वाया जाता कामा नये.

कार्सिनॉइड ठरला तर गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन (अशा गाठी शोधणारा खास स्कॅन) विचारा. साध्या पेटमध्ये ही गाठ फिकी दिसू शकते. मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. दुर्बिणीतून नुसती खरवडून भागत नाही, कारण लालसर, गुळगुळीत गाठ नळीत दिसते तेवढीच नसते. बुडखा बऱ्याचदा भिंतीबाहेर असतो. शक्य असेल तिथे नळीचा तेवढा भाग कापून टोकं जोडतात, फुप्फुस वाचतं. ‘स्लीव्ह रिसेक्शन’ नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा. लसिकाग्रंथीही काढायला हव्यात. टिपिकल गाठ पूर्ण निघाली तर सहसा केमो लागत नाही. १० पैकी सुमारे ९ रुग्ण ५ वर्षांनंतरही हयात असतात. मात्र ती उशिरा उलटू शकते, म्हणून तपासण्या किमान १० वर्षं चालू ठेवा.